पार्श्वभूमी : जमीन, कारखाना, पाणी आणि सांगलीचे मत

सांगली जिल्ह्याच्या राजकारणाची चर्चा बहुधा घराण्यांपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. मात्र गेल्या पाऊणशे वर्षांत इथल्या शेतकऱ्याचे पोट ज्या गोष्टीवर अवलंबून होते, ती गोष्टच पुनःपुन्हा बदलत गेली आणि त्यामागोमाग त्याचे मतही हलत गेले.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. आजच्या सांगलीचा मोठा भाग ज्यात येत होता, त्या जुन्या सातारा जिल्ह्यात १९४२ ते १९४६ या काळात प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिश सत्तेला समांतर असा लोकांचा कारभार, चालले. गावांनी आपले न्यायनिवाडे आपणच केले आणि सावकारांना जरब बसवली. सत्यशोधक चळवळीने बहुजन शेतकऱ्यांत रुजवलेली जाणीव त्याच्या मुळाशी होती. या चळवळीतली सगळी माणसे स्वातंत्र्यानंतर काँग्रेसबरोबर राहिली नाहीत. कोणी शेतकरी कामकरी पक्षात गेले, कोणी कम्युनिस्ट पक्षात. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट उमेदवार म्हणून साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले, आणि काँग्रेसच्या यशवंतराव चव्हाणांना कराडची विधानसभेची जागा थोडक्या मतांनी राखता आली.

पाचच वर्षांनी, १९६२ मध्ये, काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. भाषिक राज्य मिळाल्यामुळे संयुक्त महाराष्ट्र समितीचे प्रयोजन उरले नाही, हे कारण सर्वज्ञात आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरे. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कुळांना मालकीची वाट मोकळी केली होती, आणि नव्याने मालक झालेल्या शेतकऱ्याला आता पीककर्ज, खत आणि उसाला गिऱ्हाईक हवे होते. ते देणाऱ्या विकास सोसायट्या, साखर कारखाने आणि १९६२ नंतर जिल्हा परिषदा काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या हाती होत्या.

कारखान्याची पकड किती घट्ट होती, हे उसाच्या फडात दिसते. नोंद केलेला ऊस वेळेवर तुटला नाही, तर त्याला तुरा येतो, वजन घटते आणि पुढच्या पिकाचे वेळापत्रक कोलमडते. तोडणीची चिठ्ठी घेऊन येणारा चिटबॉय आणि त्याच्या मागचे शेतकी ऑफिस यांच्याशी वाकडे घेणे कोणाला परवडणार? वसंतदादा पाटील आणि राजारामबापू पाटील या जिल्ह्यातल्या दोन काँग्रेस नेत्यांचा संघर्ष याच चौकटीत झाला. आणीबाणीनंतर बापू जनता पक्षात गेले, तरी त्यांच्या विरोधी राजकारणाचा आधारही वाळवा तालुक्यातला कारखानाच होता.

या चौकटीबाहेर राहिला तो पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा: जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर. कृष्णा जिल्ह्यातून वाहते, पण तिथे पिण्याच्या पाण्याला टँकर. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्यात वाटा मिळावा, ही तिथली मागणी आजही विलक्षण धाडसी वाटते. १९९५ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातून काँग्रेसचे अनेक बंडखोर अपक्ष म्हणून विजयी झाले. अपक्षांच्या पाठिंब्यावर आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले. पुढे कृष्णेचे पाणी उपसून दुष्काळी भागाला देणाऱ्या टेंभू योजनेच्या पाठपुराव्यासाठी ओळखले गेलेले अनिल बाबर आधी राष्ट्रवादीत होते. २०१४ आणि २०१९ मध्ये खानापूरने त्यांना शिवसेनेच्या चिन्हावर निवडून दिले. मतदारांनी पाणी पाहिले, चिन्ह नंतर.

याच पट्ट्यातली हजारो कुटुंबे सोने-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. ज्याचे घर परगावच्या कमाईवर चालते, त्याला चिटबॉयची भीती उरत नाही. धनगर समाजाने आरक्षणाच्या मागणीवरून स्वतंत्र राजकीय आवाज उभा केला, तो याच काळात. २०१९ मध्ये याच समाजातले वंचित बहुजन आघाडीचे उमेदवार गोपीचंद पडळकर यांना सांगली लोकसभेत सुमारे ३ लाख मते पडली.

१९६२ पासून सलग काँग्रेसकडे असलेली ही जागा २०१४ मध्ये भाजपकडे गेली होती. २०२४ मध्ये वसंतदादांचे नातू विशाल पाटील इथून अपक्ष म्हणून सुमारे लाखभर मतांनी जिंकले. हे केवळ घराण्याचे पुनरागमन मानणे मला अपुरे वाटते, कारण त्याआधीच्या दोन्ही निवडणुकांत याच मतदारांनी याच घराण्याच्या उमेदवारांना घरी बसवले होते.