धारोष्ण दूध म्हणे ताकदीचं!

पुण्यात अजून पण ऐकायला मिळतं, दूध धारोष्णच प्यावं, तापवलं की सगळं सत्त्व जातं. वीकेंडला मुळशीकडे जाऊन गोठ्यातच पोरांना ग्लास भरून पाजतात लोक, बघून खरंच काळजी वाटते. अहो, तापवल्यानं प्रोटीन, कॅल्शियम कुठे जात नाही, काही व्हिटॅमिन थोडी कमी होतात इतकंच. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस (ब्रुसेला नावाच्या जंतूमुळे जनावरांकडून माणसाला होणारा आजार) होऊ शकतो, टीबी पण. आणि "आमची गाय ठणठणीत आहे" यावर जाऊ नका, ब्रुसेला असलेली गाय बाहेरून धडधाकटच दिसते, बऱ्याचदा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो, तेव्हा कुठे शंका येते. माणसाला मग ताप येतो-जातो, रात्री घाम, कंबर आणि सांधे दुखतात, टेस्ट होईपर्यंत लोक व्हायरल समजून गोळ्या खात बसतात, आणि निदान झालं की अँटिबायोटिक्स साधारण सहा आठवडे.

दूध नीट उकळलं की हा जंतू मरतो, पाश्चराइज्ड पिशवीचं पण चालतं.

गोठ्यात राबणाऱ्यांना मात्र मोठा धोका वारेचा, म्हणजे गर्भाबरोबर बाहेर पडणाऱ्या झिल्लीचा. गाय गाभडली की उघड्या हातानं वार ओढायची, उकिरड्यावर टाकायची, मग कुत्री ती गावभर नेतात, हे बंद व्हायलाच पाहिजे. हातमोजे घाला, हाताला चीर असेल तर दुसऱ्याला बोलवा, वार चुना टाकून खोल पुरा. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या असताना ब्रुसेलाची लस टोचून घ्या, पण जनावरांच्या डॉक्टरकडूनच, ती जिवंत जंतूची असते, चुकून सुई आपल्याला लागली तर आपल्यालाच आजार होऊ शकतो.