‘कंट्री डान्स’मधलं ‘कंट्री’ फ्रेंच नाही

स्कॉटिश कंट्री डान्स म्हणजे स्कॉटलंडमधला जोड्यांनी मिळून करायचा नाच. त्याच्या नावाबद्दल एक व्युत्पत्ती वर्षानुवर्षं फिरते आहे: नाचणारे समोरासमोर उभे राहतात, म्हणून फ्रेंच ‘काँत्रदांस’, म्हणजे विरुद्ध बाजूंचा नाच, आणि त्याचाच अपभ्रंश ‘कंट्री डान्स’. ऐकायला चपखल, पण प्रवास उलटा आहे. इंग्रजीतला शब्द आधीचा. त्याचा अर्थ सरळ गावाकडचा, देशी. (आपल्याकडे ‘कंट्री’ म्हटलं की भलतीच बाटली आठवते, पण अर्थ तोच!) इंग्रज प्रकाशक जॉन प्लेफर्डच्या 1651च्या नाचांच्या संग्रहात गोलातले आणि चौकोनातलेही नाच आहेत, सगळे समोरासमोरच्या रांगांचे नाहीत. 1680च्या दशकात फ्रेंच नृत्यशिक्षक आंद्रे लोरँ इंग्लंडला जाऊन हे नाच शिकला, त्यांची नोंद फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला सादर केली. ‘कंट्री’चं ‘काँत्र’ झालं ते फ्रान्समध्ये.

गैरसमज टिकला, कारण स्कॉटलंडमधली नेहमीची मांडणी त्याला पूरक दिसते. चार जोड्या, दोन रांगा. पुरुषांचा डावा खांदा वादकांकडे. संगीताच्या 32 मात्रागटांची (बार) एक फेरी, अशा साधारण आठ. प्रत्येक जोडी दोनदा पहिली होते. नवखे हमखास चुकतात ते दुसऱ्या फेरीनंतर: दोन फेऱ्यांत पहिल्या जागेवरून तिसऱ्या जागेवर आलेली जोडी तिथेच रेंगाळते. तिने लगेच रांगेबाहेरून चौथ्या जागी उतरायचं आणि चौथ्या जोडीने वर सरकायचं. नाहीतर तिसऱ्या फेरीला नव्या पहिल्या जोडीला जागाच सापडत नाही.