महेश्वर

महेश्वर हे मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यातले, नर्मदेच्या उत्तर तीरावरचे तीर्थक्षेत्र आणि होळकरांची जुनी राजधानी. इंदूरपासून ते सुमारे 90 किमी. असून महाराष्ट्रातून मुंबई–आग्रा रस्त्याने येणारे धामणोदला वळून येथे पोहोचतात. बहुतेक प्रवासी ओंकारेश्वर आणि मांडू यांच्या मध्ये याला अर्धा दिवस देतात. तेवढ्यात किल्ला पाहून होतो, साडीही घेऊन होते. पण या गावाचे तोंड नदीकडे आहे, त्यामुळे निदान एक संध्याकाळ आणि एक पहाट घाटावर काढल्याशिवाय ते कळत नाही.

पुराणातील माहिष्मती ती हीच, असे अनेक अभ्यासक मानतात. माहिष्मतीचा राजा सहस्रार्जुन याने हजार बाहूंनी नर्मदा अडवली अशी कथा आहे. गावापासून थोड्या अंतरावर खडकांतून नदी असंख्य प्रवाहांनी फुटते, ती जागा सहस्रधारा म्हणून दाखवतात. नदीपलीकडचे नावडातोली ही मुळात नावाड्यांची वस्ती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952-53 मध्ये महेश्वर व नावडातोली येथे उत्खनन केले. 1957 ते 1959 या काळात ते पुन्हा नावडातोलीला परतले. त्यांना तेथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची गोल आणि चौकोनी घरे, गव्हाचे दाणे आणि काळ्या रंगात चित्रे काढलेली मडकी सापडली. माळव्याच्या प्राचीन इतिहासाची मांडणी करताना या उत्खननाला वगळता येत नाही.

आज दिसणारे महेश्वर मात्र अहिल्याबाई होळकरांचे (1725–1795) आहे. चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाईंचे पती खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. 1766 मध्ये सासरे मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे त्यांनी येथून राज्य चालवले. किल्ल्यातला त्यांचा वाडा लाकडी खांबांचा, चौकाचा आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या घरासारखा साधा आहे. त्यांची गादी तेथे जपून ठेवली आहे. काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारणारी, सोमनाथला नवे देऊळ बांधणारी, देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधणारी राज्यकर्ती एवढ्याशा वाड्यात राहत होती, हे तेथे उभे राहिल्यावर मनाला भिडते. या धर्मकार्याचा पैसा दौलतीच्या महसुलातून नव्हे, तर ‘खासगी’च्या, म्हणजे होळकर घराण्याच्या स्वतःच्या मिळकतीच्या, उत्पन्नातून जाई. खासगीच्या खजिन्यावर त्यांनी तुळशीपत्र ठेवले होते, असे परंपरा सांगते. शाहीर अनंतफंदी येथे आले असता बाईंच्या एका बोलाने त्यांनी तमाशा सोडून कीर्तन धरले, ही आख्यायिकाही महेश्वरचीच.

वाड्यात सुरू झालेले लिंगार्चन अजून रोज सकाळी होते. काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी हजारो शिवलिंगे पाटावर मांडतात, पूजा करतात आणि लगेच नर्मदेत विसर्जित करतात. राजराजेश्वर मंदिरात तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवत असतात.

किल्ल्याच्या दरवाजातून उतरले की अहिल्येश्वराचे मंदिर आणि समोरच विठोजी होळकरांची छत्री लागते. तुकोजी होळकरांचे पुत्र असलेल्या या विठोजींना 1801 मध्ये पुण्यात पेशवा दुसऱ्या बाजीरावाने हत्तीच्या पायाशी बांधून ठार मारवले. छत्रीच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. विठोजींचा शेवट ठाऊक असलेल्याला ती नुसते नक्षीकाम म्हणून पाहता येत नाही. पुढे अहिल्या घाट, पेशवा घाट, फणसे घाट अशी पायऱ्यांची ओळ लांबवर जाते. नदीच्या मध्यावर बाणेश्वराचे छोटे देऊळ आहे. तेथे होडीने जातात. होळकर आणि इंग्रज यांच्यात झालेल्या 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वर मागे पडले. घाट इतके अबाधित राहण्याचे तेही एक कारण असावे.

अहिल्याबाईंनी सुरतेसह इतर ठिकाणांहून विणकर आणून वसवले, त्यातून महेश्वरी साडी घडली. रेशमी ताणा (उभे धागे) आणि सुती बाणा (आडवे धागे) यांमुळे ती हलकी असते. काठ दोन्ही बाजूंनी सारखाच विणलेला असल्याने ती उलटसुलट कशीही नेसता येते. काठावरची वीट, चटई, लाट ही नक्षी किल्ल्याच्या भिंतींवरून आणि नदीवरून घेतली, असे विणकर सांगतात. विसाव्या शतकात हा धंदा मोडकळीला आला होता. 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींनी ‘रेहवा सोसायटी’ स्थापन केली आणि हातमागांना पुन्हा काम मिळाले. साडी दुकानात घेण्याआधी मागावर पाहावी.

थंडीचे महिने येथे येण्यास उत्तम. चातुर्मास संपला की नर्मदा परिक्रमेला निघालेल्यांची वर्दळ वाढते आणि ‘नर्मदे हर’च्या गजरात मराठी बोलणे सर्रास कानी पडते. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, असा दंडक आहे. म्हणून ओंकारेश्वरहून दक्षिण तीराने निघालेल्या परिक्रमावासीला महेश्वर प्रथम पलीकडच्या काठावरूनच दिसते. होडीने काही मिनिटांचे असलेले हे अंतर त्याला समुद्राला वळसा घालून, काही महिन्यांनी, उत्तर तीराने पार करावे लागते.