चिकटवहीचे पान (कौटुंबिक छायाचित्राचे)

घरात जपून ठेवलेले एखादे कौटुंबिक छायाचित्र मध्यवर्ती धरून त्याच्याभोवती त्याच्याशी निगडित मजकूर, कागदपत्रे, कापडाचे तुकडे व मोजकी सजावट हाताने मांडून तयार केलेले पान. ‘चिकटवही’ म्हटले की मराठी वाचकाला बहुधा शाळेतली, पशुपक्ष्यांची चित्रे डकवलेली वही आठवते. वर्तमानपत्रातील मजकूर जपण्याच्या वहीला कात्रणवही म्हणतात. प्रस्तुत प्रकाराला शहरांतून ‘स्क्रॅपबुक’ हाच शब्द रूढ आहे. अल्बममध्ये छायाचित्रे एकापुढे एक लावलेली असतात आणि ती कोणाची हे सांगायला घरातले कोणीतरी शेजारी बसावे लागते. चिकटवहीच्या पानावर ते सांगणे लिहून ठेवलेले असते. सजावट हा या पानाचा दुय्यम भाग होय, मात्र बाजारात मिळणारे तयार साहित्य पाहता हा क्रम बहुतेकदा उलटा झालेला दिसतो.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत रंगीत शिळाछापाची चित्रे स्वस्त झाली आणि ती कापून वहीत डकवण्याचा छंद घरोघरी पसरला. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याने १८७३ मध्ये पानांवर आधीच डिंकाचे पट्टे असलेल्या, नुसत्या ओलाव्याने चिकटणाऱ्या वहीचे एकस्व (पेटंट) मिळवले होते. आजच्या स्वरूपाचा प्रसार मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीचा आहे. अमेरिकेच्या यूटा राज्यातील मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांत वंशवृत्त राखण्याला धार्मिक महत्त्व असल्याने तेथे या कामाला वेगळे वळण मिळाले. मॅरिलेन क्रिस्टेन्सन यांनी १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटी येथील अभिलेखविषयक जागतिक परिषदेत आपल्या कुटुंबाच्या वह्या मांडल्या, त्यानंतर या छंदाचा व्यवसाय झाला आणि बारा बाय बारा इंच हे पानाचे प्रमाण आकारमान ठरून गेले.

महाराष्ट्रात या प्रकाराचे नाव नवे असले, तरी त्यामागची वृत्ती नवी नाही. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नामांकित छायाचित्रकारांपैकी एक. प्रसिद्ध छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. पुढे लहान शहरांतही रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्च्या मांडून अख्खे कुटुंब उभे करण्याची पद्धत रुळली : वडीलधारे खुर्चीवर, सुना व मुलगे मागे उभे, पोरे खाली सतरंजीवर. अशा छायाचित्राची तसबीर मढवून ती बैठकीत टांगली जाई. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याच्या देवादिकांच्या तसबिरींवर घरच्या बायका जर, टिकल्या व कापड चिकटवून देवीला शब्दशः साडी नेसवत. राजस्थानातील नाथद्वारा येथे श्रीनाथजींच्या रंगवलेल्या चित्रात यात्रेकरू कुटुंबाच्या छायाचित्रातील चेहरे कापून बसवत. छापील प्रतिमेवर हाताने भर घालण्याची ही परंपरा चिकटवहीच्या बरीच जवळची आहे. दुसऱ्या बाजूने पाहिल्यास मराठी घराण्यांचे कुलवृत्तांत हेही त्याच गरजेतून निघाले, फरक इतकाच की कुलवृत्तांत संपूर्ण कुळाचा असतो आणि पान एका क्षणाचे.

पान करण्यापूर्वी छायाचित्र कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखावे लागते, कारण त्यावरून पुढचे सगळे ठरते. पिवळसर तपकिरी झाक असलेला, जाड पुठ्ठ्यावर डकवलेला पातळ कागद हा बहुधा अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असतो. ही पद्धत १८५० मध्ये ब्लांकार-एव्रार या फ्रेंच छायाचित्रकाराने काढली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. या पुठ्ठ्यांचे सुमारे अडीच बाय चार इंचांचे भेटपत्रिकेसारखे आणि सुमारे सव्वाचार बाय साडेसहा इंचांचे मोठे, असे दोन आकार विशेष आढळतात. विसाव्या शतकातील कृष्णधवल छायाचित्रे जिलेटिनच्या थरातील चांदीची असतात. त्यांच्या काळ्या भागाच्या कडेला आरशासारखी निळसर चमक आलेली दिसली, तर ती दमट हवेने वर आलेली चांदी समजावी; ती पुसून जात नाही आणि पुसूही नये. १९७०–८० च्या दशकांतील रंगीत छायाचित्रे लालसर होत जातात, कारण त्यांतील निळसर रंगद्रव्य बहुधा आधी उडते. काही जुन्या छायाचित्रांवर स्टुडिओतच हाताने जलरंग दिलेले असतात. लुगड्याचा काठ, कुंकू, दागिने तेवढे रंगवलेले. अशा छायाचित्रावर ओले फडके फिरवले की पाऊण शतक टिकलेले कुंकू फडक्यावर येते.

जुने मूळ छायाचित्र पानावर लावू नये, त्याची प्रत लावावी, हा या कामातील पहिला नियम मानला पाहिजे. मूळ छायाचित्र सपाट स्कॅनरवर सहाशे डीपीआय (दर इंचाला सहाशे बिंदू) किंवा त्याहून अधिक घनतेने टिपून टिफ या फाइलस्वरूपात ठेवावे आणि मॅट कागदावर रंगकणयुक्त (पिगमेंट) शाईची छपाई करून घ्यावी. साध्या रंजक (डाय) शाईची छपाई त्यामानाने लवकर फिकी पडते. कोकणात व मुंबईत जुन्या तसबिरींच्या बाबतीत एक अडचण नेहमी येते. काच आणि छायाचित्र यांच्यामध्ये अंतर न ठेवता मढवल्यामुळे पावसाळ्यातील दमट हवेत जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो. काच उचलण्याचा प्रयत्न केल्यास चेहरा काचेबरोबर निघून येतो, म्हणून अशी तसबीर काचेसकटच टिपावी. प्रतीवरील ओरखडे व डाग संगणकावर किती काढावेत हा आवडीचा प्रश्न आहे. डोळे, ओठ व दागिने नव्याने ‘रंगवून’ घेतलेली प्रत मात्र कौटुंबिक दस्तऐवज म्हणून निरुपयोगी ठरते.

कागद, पुठ्ठा व चिकटद्रव्य आम्लरहित असावे लागते. लाकडाच्या लगद्यातील लिग्निनमुळे स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो आणि शेजारच्या कागदालाही डाग देतो. कापसाच्या चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात लिग्निन जवळपास नसते. खुलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव या कारागिरीवरूनच ओळखले जाते, आणि पुण्यात १९४० मध्ये स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने ही परंपरा पुढे नेली. हातकागदाच्या नैसर्गिक, न कापलेल्या कडा छायाचित्रामागे चौकट म्हणून शोभतात. मात्र पाकळ्या, गवत वा चमकी घातलेला कागद छायाचित्राला लागून ठेवू नये. ‘आम्लरहित’ असा शिक्का पुरेसा नसतो. छायाचित्रावर पदार्थाचा परिणाम तपासणारी प्रमाणित चाचणी (आयएसओ १८९१६) उत्तीर्ण झालेले साहित्य अधिक भरवशाचे.

चिकटद्रव्यांत घरगुती अनुभव कामाला येतो, तसाच घातही करतो. गव्हाच्या पिठाची खळ पुस्तकबांधणीत पिढ्यान् पिढ्या वापरात आहे, परंतु पिठावर कसर लागते. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची बांधणीकारांची रीत चांदीच्या छायाचित्राजवळ चालत नाही. संग्रहालयांत गव्हाचा शुद्ध स्टार्च शिजवून केलेली खळ वापरतात, ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. पांढरा गोंद सुकल्यावर सुटत नाही आणि पातळ कागदाला सुरकुत्या पाडतो. सेलोटेपची पट्टी काही वर्षांनी गळून पडते, तिचा तपकिरी डाग तेवढा कायम राहतो. १९७०–८० च्या दशकांत मोठ्या हौसेने घेतलेले, चिकट पानांवर पारदर्शक पापुद्रा असलेले अल्बम याच कारणाने आज डोकेदुखी झाले आहेत : छायाचित्रे पानांतून निघता निघत नाहीत.

यावरचा जुना उपाय अजूनही सर्वांत चांगला आहे. काळ्या पानांच्या, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उठवलेला पातळ कागद असलेल्या अल्बमांत छायाचित्र चार कोपऱ्यांत अडकवलेले असे. डिंक कोपऱ्याला लागे, छायाचित्राला नाही. असे कोपरे घरी करता येतात. अर्धा इंच रुंद व दोन इंच लांब पट्टी आडवी धरून तिच्या मध्यबिंदूपासून आधी उजवी, मग डावी बाजू खाली दुमडावी. दोन्ही बाजू शेजारीशेजारी लोंबतील आणि वर काटकोनी टोक तयार होईल. लोंबणारे पाय कात्रीने सरळ छाटले की उरतो तो त्रिकोणी खिसा. छायाचित्राचा कोपरा त्यात घालून, दुमडीच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी खळ लावून खिसा पानावर दाबायचा. चारही खिसे लागेपर्यंत छायाचित्र जागेवरच ठेवावे, म्हणजे ते सैल वा आवळ बसत नाही. पुढे कधी काढायचे झाल्यास छायाचित्र न फाडता काढता येते.

मांडणीबद्दल ठोकताळे पुष्कळ सांगितले जातात. त्यांतील थोडेच उपयोगी आहेत. बारा इंच पानावर सहा बाय आठ इंचांची प्रत पुरेशी मोठी ठरते. तिच्याभोवती पाव इंच समास दिसेल अशी एकरंगी कागदाची चौकट द्यावी आणि तिचा रंग छायाचित्रातीलच एखाद्या छटेवरून घ्यावा. तपकिरी छायाचित्राभोवती शुभ्र पांढरा कागद आला की छायाचित्र मळकट दिसू लागते. सर्व वस्तू आधी कोरड्या मांडून रात्रभर तशाच ठेवाव्यात, मोबाइलवर टिपाव्यात, आणि सकाळी त्यांतील एक वस्तू कमी करावी. ती बहुधा चमकीची लेस असते.

भोवतालच्या वस्तूंची निवड छायाचित्रातूनच व्हावी. छायाचित्रातील आजीच्या लुगड्याचा काठ घरात असेल तर त्याची बोटभर पट्टी, खणाच्या चोळीचा तुकडा, हळदकुंकवाची बोटे उमटलेली लग्नपत्रिका, मोडीतील पत्राची प्रत, बदलीच्या गावाहून आलेले कार्ड अशा गोष्टी पानाला वजन देतात. जरीतील धातू काळा पडतो आणि कुंकू दुसऱ्या पानाला लागते, म्हणून त्या वेगळ्या पारदर्शक पाकिटात घालून लावाव्यात. हे पाकीट पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे असावे. पीव्हीसीच्या पाकिटातून कालांतराने आम्ल सुटते.

पानाचा खरा भाग म्हणजे त्यावरील मजकूर, आणि मराठी कुटुंबांत तो लिहिणे दिसते तितके सोपे नाही. पहिली अडचण टोपणनावांची. ‘अण्णा, नाना, आक्का व बाळ, नाशिकचा वाडा’ अशी ओळ लिहिणाऱ्याला सगळे ठाऊक असते, पण दोन पिढ्यांनंतर घरात अण्णा तीन झालेले असतात आणि बाळ पंच्याहत्तरीत वारलेला असतो. म्हणून हाकेचे नाव, पाळण्यातले नाव व आडनाव ही तिन्ही लिहावीत. दुसरी अडचण स्त्रियांच्या नावांची. लग्नानंतर अनेकींचे पहिले नावही बदलले जाई. जुन्या छायाचित्रांच्या मागे पुरुषांची नावे आणि पुढे ‘व मंडळी’ एवढाच उल्लेख सापडतो. माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे, आणि शक्य झाल्यास माहेरचे गाव, नोंदवल्याशिवाय ही मंडळी कायमची निनावी राहते. नाते सांगताना ‘काकू’ कोणाची हे लिहावे, कारण एका शाखेची काकू दुसऱ्या शाखेची आई असते. ओळ ‘बसलेले, डावीकडून’ अशा क्रमाने द्यावी किंवा पातळ कागदावर चेहऱ्यांच्या बाह्यरेषा काढून आकडे घालावेत.

साल ठरवताना पुठ्ठ्यावरील स्टुडिओचे नाव, पाठीमागचा शिक्का, पोस्टकार्डाची छपाई, पगडीऐवजी आलेली टोपी, छायाचित्रात नसलेले व अजून न जन्मलेले भावंड यांचा एकत्र विचार करतात. मागे शक लिहिलेला असल्यास त्यात ७८ मिळवून इसवी सन येतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांना मात्र ७९ मिळवावे लागतात. शके १८५७ च्या माघातील लग्न म्हणूनच १९३६ सालचे ठरते. अंदाजाने ठरवलेले साल ‘सुमारे’ असे म्हणून आणि अंदाज कशावरून बांधला तेही एका ओळीत देऊन लिहावे. मजकूर शक्यतो घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या हस्ताक्षरात घ्यावा. वळणदार संगणकीय टंकापेक्षा थरथरत्या हाताची ओळ पानावर अधिक शोभते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी रंगकणयुक्त, पाण्याने न फुटणाऱ्या शाईचे पेन वापरतात. मूळ छायाचित्राच्या मागे काही लिहायचेच असल्यास मऊ पेन्सिलने, कडेला व हलक्या हाताने लिहितात. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो.

तयार पान सपाट, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावे. पोटमाळा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट आणि स्वयंपाकघरालगतचा कोनाडा या तिन्ही जागा वाईट. डांबरगोळ्या वहीत घालू नयेत. मुसळधार पावसाच्या महिन्यांत वही बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात व त्या पुड्या अधूनमधून तापवून पुन्हा कोरड्या करून घेतात. दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर, पाने सावलीत उघडून कसर व बुरशी तपासावी. छायाचित्राची टिपलेली प्रत घराण्याच्या प्रत्येक शाखेकडे पाठवताना मजकुराचे पानही सोबत टिपून पाठवतात, कारण पुण्यातील मूळ पानावर चुकलेले एखादे नाव पुष्कळदा बडोद्याच्या किंवा न्यू जर्सीच्या आत्याच दुरुस्त करून कळवतात. ती दुरुस्ती मूळ मजकूर न खोडता, तारीख घालून, समासात लिहावी.