पार्श्वभूमी: लुबेत्किन, काँक्रीट आणि पेंग्विन

रशियन साम्राज्यात वाढलेले वास्तुविशारद बर्थोल्ड लुबेत्किन 1931 साली लंडनला आले आणि पुढच्याच वर्षी सहा तरुण वास्तुविशारदांबरोबर त्यांनी ‘टेक्टॉन’ ही फर्म काढली. ब्रिटनमधल्या आधुनिक वास्तुकलेचा इतिहास या फर्मला वगळून सांगताच येत नाही.

नाव झालं ते लंडन प्राणिसंग्रहालयातल्या पेंग्विनच्या तळ्यामुळे (1934). एकमेकांना वळसा घालत उतरणारे दोन रॅम्प, प्रत्येक सुमारे 14 मीटर लांब, आणि मध्ये टेकू म्हणून एकही खांब नाही. सरळ तुळई भाराखाली नुसती वाकते. वक्र पट्टी वाकते आणि पिळलीही जाते. हा पीळ शेवटी दोन्ही टोकांवर येतो, त्यामुळे खरी कसोटी तिथल्या काँक्रीटमधल्या सळयांची. ते गणित अभियंते ओव्ह आरूप यांच्या चमूने सोडवलं. दिसायला देखणं, पण पेंग्विनना टणक काँक्रीट मानवलं नाही. 2004 मध्ये त्यांना तिथून हलवलं ते कायमचंच.

लंडनच्या हायगेट भागातल्या ‘हायपॉइंट’ (1935) या आठ मजली इमारतीत आरूपनी धान्याच्या कोठारांची युक्ती वापरली: शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) एकेक टप्पा वर चढवत भिंती ओतायच्या. बाहेरून परांची नको, आणि भार भिंतीच घेत असल्याने खोलीच्या कोपऱ्यात खांब घुसत नाही. ही घरं मात्र पैसेवाल्यांची झाली.

लुबेत्किन डावे होते. त्यांना कामगारांसाठी बांधायचं होतं. ती संधी लंडनमधल्या फिन्सबरीच्या पालिकेने दिली. तिथलं आरोग्य केंद्र 1938 चं, म्हणजे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या दहा वर्षं आधीचं. तिथल्याच, युद्धानंतरच्या स्पा ग्रीन वसाहतीत दर्शनी बाजूशी काटकोनात असलेल्या आतल्या भिंती आणि स्लॅब मिळून खोक्यांची चळत उभी राहते. दर्शनी भिंतीवर भारच नाही, म्हणून तिची रचना हवी तशी करता आली. गच्चीवरचं छप्पर वक्र ठेवलं, वारा खेचला जाऊन कपडे वाळावेत म्हणून. मला तर ही छोटी गोष्ट रॅम्पपेक्षा मोठी वाटते.

1948 मध्ये ईशान्य इंग्लंडमधल्या डरहॅमच्या खाणकामगारांसाठी पीटरली हे नवं शहर आखायचं काम आलं. लुबेत्किनना मध्यभागी दाट, उंच वस्ती हवी होती. पण खाली कोळसा होता. तो काढला की जमीन खचणार, आणि खाण मंडळ खोदकाम आवरायला तयार नव्हतं. विखुरलेली बुटकी घरं तेवढी शक्य उरली. 1950 मध्ये त्यांनी काम सोडलं. पुढेही लंडनमध्ये त्यांनी काही वसाहती केल्या, पण मुक्काम ग्लॉस्टरशरच्या शेतावर, डुकरांच्या पैदाशीत. 1982 साली ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने सुवर्णपदक दिलं, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते.