कुष्ठरोगातील तळपायाचे जुनाट व्रण

घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे जाणारी चेता (संवेदना वाहणारी नस) कुष्ठरोगाने निकामी झाली, की तळवा बधिर होतो, घाम थांबून कातडीला भेगा पडतात, बोटे आखडतात आणि चालताना सगळा भार चवड्यावर येतो. म्हणून बहुतेक व्रण चवड्याखालीच होतात. कुष्ठरोगाने मांस सडते ही समजूत चुकीची आहे. बधिर पायावर दुखणे न कळता चालत राहिल्याने जखम होते आणि टिकते, हे तमिळनाडूतील वेल्लोरला शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. त्यामुळेच बहुविध औषधोपचाराच्या (एमडीटी) गोळ्या ६ किंवा १२ महिने पूर्ण घेतल्या, तरी व्रण भरेलच असे नाही.

जखमेवरचा भार काढणे हाच मुख्य उपचार. मलम बदलत बसण्यात रुग्णाची वर्षे जातात. पाय सुजून लाल-गरम असेल, ताप असेल, तर आधी पूर्ण विश्रांती, पाय उशीवर उंच आणि प्रतिजैविके. मग कडेचा घट्टा पात्याने तासून काढतात, नाहीतर त्याखाली पू कोंडतो. निर्जंतुक सळई आत घालून पाहतात. ती हाडाला टेकली, तर मेलेले हाड शस्त्रक्रियेने काढावे लागते. जखम मिठाच्या पाण्याने (१ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ) धुवावी. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तीव्र द्रावणे नवे मांसही जाळतात.

सूज उतरल्यावर गुडघ्याखाली प्लास्टर घालतात, साधारण ६ आठवडे. घोट्याची हाडे आणि नडगी यांवर कापसाचे अस्तर नीट हवे. प्लास्टर काचले तरी बधिर पायाला कळत नाही. सूज असतानाच घातलेले प्लास्टर सूज ओसरल्यावर सैल होऊन घासते आणि नवी जखम करते.

व्रण भरला तरी नवी कातडी नाजूक असते. पहिले काही आठवडे थोडेच आणि छोटी पावले टाकून चालावे. पाय रोज २०-३० मिनिटे साध्या पाण्यात भिजवून, घट्टा खरखरीत दगडाने घासून, ओलसर असतानाच तेल लावावे. पाणी कधीही गरम नको. चप्पल एमसीआरची (सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची), मागे पट्टा असलेली; खिळे ठोकलेली नको. रोज तळवा हाताने चाचपावा: एखादी जागा आजूबाजूपेक्षा गरम लागली, तर तिथे व्रण होऊ घातला आहे असे समजून चालणे थांबवावे.

अनेक वर्षांच्या व्रणात फुलकोबीसारखे मांस वाढू लागले, तर कर्करोगाची शंका घेऊन तुकडा तपासणीला पाठवावा.