हौशी मासेमारांच्या वह्या आणि कावेरीतला कुबड्या महसीर

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला खरा किडा लावत नाहीत. पिसं, प्राण्यांचे केस आणि रेशमी दोरा गळाभोवती गुंडाळून तयार केलेली नकली माशी लावतात. तिला वजन जवळपास नसतंच, मग ती लांब फेकायची कशी? इथे वजन दोरीत असतं. जाडसर, आवरण चढवलेली दोरी लवचिक काठीने मागे-पुढे झुलवत पुढे सोडली की ती हवेत उलगडत जाते आणि टोकाच्या बारीक धाग्याला बांधलेली माशी सगळ्यात शेवटी पाण्यावर टेकते. हे साधायचं तर आधी नदी वाचता यावी लागते. पाण्यावर कोणते किडे आहेत, प्रवाह कुठे संथ होतो, कोणत्या खडकाआड मासा दबा धरून असतो, हे सगळं बघावं लागतं. म्हणूनच या छंदातली माणसं, फ्लायवाली असोत की साध्या गळाची, नदीत काही बिघडलं तर फार लवकर ओळखतात.

याचा सगळ्यात ठोस पुरावा आपल्याच देशात आहे, कावेरी नदीवर.

महसीर म्हणजे नद्यांत राहणारा मोठ्या खवल्यांचा मासा. कावेरीत त्याचे दोन प्रकार मिळत. एक कुबड्या महसीर. डोक्यामागून त्याची पाठ एकदम वर उचललेली असते, पर नारिंगी असतात आणि तो प्रचंड वाढतो. 1946 मध्ये कावेरीची उपनदी काबिनीमध्ये गळाला लागलेल्या महसीरचं वजन 120 पौंड, म्हणजे साधारण 54 किलो भरलं होतं. दुसरा निळ्या परांचा, शास्त्रीय नाव टॉर खुद्री. हा मूळचा आपल्या महाराष्ट्राकडचा. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक कर्नल साईक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

कर्नाटकात कावेरीकाठच्या गालिबोरे इथल्या मासेमारी शिबिरात नियम साधा होता: मासा पकडायचा, मोजायचा, परत सोडायचा. इथे फ्लायपेक्षा नाचणीच्या उंड्यांचं आमिष जास्त चाले. पूर्वी चोरून मासे मारणारे काही स्थानिक लोक शिबिरांत वाटाडे म्हणून कामाला लागले होते. नदीवर रोज माणसांचा वावर असल्यामुळे सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांनाही वचक बसला होता. शिवाय नोंदी ठेवल्या जात: कोण किती तास बसलं, कोणता मासा लागला, वजन किती.

या तासांच्या नोंदीचं मोल फार मोठं आहे. नुसतं ‘आज दहा मासे मिळाले’ यावरून नदीत किती मासे आहेत ते कळत नाही, कारण माणसं जास्त असतील, जास्त वेळ बसली असतील. पण दर तासाला किती मासे लागले हा आकडा वर्षानुवर्षं हाती असला, की नदीतली संख्या वाढतेय की घटतेय याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी रिकाम्या हातांनी परतलेल्या दिवसाची नोंदही तितकीच महत्त्वाची. वैज्ञानिकांना जाळी टाकून एवढी वर्षं एवढे तास पाहणी करणं खर्चाच्या दृष्टीनेच शक्य झालं नसतं.

1998 ते 2012 या काळातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा वरवर चित्र छान दिसत होतं. मिळणाऱ्या महसीरांची संख्या वाढली होती. दोन्ही जाती वेगळ्या केल्यावर मात्र खरी गोष्ट समोर आली. वाढ सगळी निळ्या परांच्या महसीरची होती. कुबड्या दिवसेंदिवस दुर्मीळ होत गेला होता आणि जे थोडे लागत होते, त्यांचं सरासरी वजन वाढत होतं. मोठा मासा लागला की पकडणारा खूश होणारच, पण याचा अर्थ भयंकर आहे: नवी पिल्लं वाढत नाहीत, उरलेत ते म्हातारे.

निळ्या परांचा महसीर कावेरीत आला कुठून? लोणावळ्याहून. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी 1970 च्या दशकात टॉर खुद्रीच्या कृत्रिम प्रजननाचं तंत्र बसवलं. लोणावळ्यातल्या टाटांच्या वळवण मत्स्यबीज केंद्रात लाखोंनी पिल्लं वाढली. अंडी ओल्या कापसात ठेवून लांबवर पाठवता येत. हे काम अव्वल दर्जाचं होतं आणि महसीर वाचावा याच तळमळीतून झालं होतं. ही पिल्लं कावेरीतही सोडली गेली, कारण तेव्हा ‘महसीर तो महसीर’ अशीच समजूत होती. कृष्णा खोऱ्यातली जात कावेरी खोऱ्यात परकी ठरते, हा विचार कोणी केला नव्हता. कुबड्याच्या घसरणीला धरणं, वाळूउपसा, सुरुंग ही कारणंही आहेतच, पण हा पाहुणा प्रतिस्पर्धी त्यांत मोठा मानला जातो.

त्यातही विचित्र म्हणजे कुबड्याला त्याचं नक्की शास्त्रीय नावही नव्हतं. नाव नाही, तर धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत तो बसणार कुठे? 2018 मध्ये शरीररचना आणि डीएनए तपासून तो टॉर रेमादेवी असल्याचं ठरलं. केरळातल्या पांबार नदीतून ही जात त्याआधीच नोंदवलेली होती. त्याच वर्षी तिला ‘अतिसंकटग्रस्त’ दर्जा मिळाला.

मधल्या काळात, 2012 मध्ये, वन्यजीव कायद्याच्या आधारे कावेरीकाठच्या अभयारण्यातली ही मासेमारी बंद झाली. गळ हीसुद्धा शिकारच, हे तर्काला धरून आहे. पकडून सोडलेल्या माशाला त्रास होतोच: झुंज लांबली की स्नायूंत लॅक्टेट (अतिश्रमाने तयार होणारा पदार्थ) साचतं, पाण्याबाहेर ठेवलं की श्वास कोंडतो, कोरड्या हाताने धरलं की अंगावरचं संरक्षक बुळबुळीत आवरण निघतं. उलटी अणी नसलेला गळ, ओले हात आणि मासा पाण्यातच ठेवून सोडणं, यांनी हा त्रास बराच कमी होतो. मला वाटतं, परवाने मोजके देऊन नोंदी चालू ठेवता आल्या असत्या. शिबिरं गेली, तशा वह्याही थांबल्या.

आपल्याकडे मुळशी, पानशेत, कोयना परिसरात गळ घेऊन बसणारे हौशी खूप आहेत. तारीख, तास, जात, लांबी आणि एका बाजूने काढलेला स्वच्छ फोटो, इतकं प्रत्येकाने टिपलं तरी सह्याद्रीतल्या जलाशयांचा पंधरा वर्षांचा आलेख उभा राहू शकतो. आणि उत्साहाने कुठे मत्स्यबीज सोडायचं असेल, तर ते त्याच खोऱ्यातलं आहे का, हे आधी मत्स्यशास्त्रज्ञाला विचारावं. कुबड्याचं प्रजनन करायचं म्हटलं, तर आता कावेरी खोऱ्यातले नर-मादी शोधण्यापासून सुरुवात आहे.